आडनावावरून घर शोधताना : जीडीएफ-११ हे प्रथिन आणि त्याची ओळखपरेड

तरुण माणसाचे रक्त म्हाताऱ्याच्या अंगात घातले तर त्याचे वय मागे जाईल का, हा प्रश्न गेली दहा-बारा वर्षे बातम्यांत अधूनमधून येतो. २०२३ मध्ये ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाने आपल्या किशोरवयीन मुलाचा रक्तद्रव, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्ताचा पिवळसर द्रव भाग, स्वतःच्या शरीरात घेतला; पुढे तपासण्यांत काहीच फायदा दिसला नाही म्हणून तो प्रयोग थांबवल्याचे त्यानेच जाहीर केले. (पुरूचे तारुण्य मागणाऱ्या ययातीची आठवण होणारच, ययातीला निदान परिणाम तरी दिसला होता.) त्याआधी अमेरिकेतच एक कंपनी तरुणांच्या एका लिटर रक्तद्रवासाठी ८,००० डॉलर घेत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये एफडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेने, या उपचाराचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि त्यात धोके मात्र आहेत, असा जाहीर इशारा दिला, तेव्हा तो व्यवहार थांबला.

या उत्साहामागे काही खरे प्रयोग होते आणि त्या प्रयोगांच्या मध्यभागी जीडीएफ-११ नावाचे एक प्रथिन होते. हे प्रथिन वयाबरोबर रक्तातून कमी होत जाते आणि ते पुन्हा दिले की म्हातारे हृदय सावरते, असे २०१३ मध्ये सांगण्यात आले. या विधानाच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल एक साधा प्रश्न विचारता येतो : कमी होते हे मोजले कशाने? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधुनिक जीवशास्त्रातील एका रोजच्या साधनाची ताकद कळते आणि त्याची खोडही कळते.

वृद्धिघटक म्हणजे काय?

शरीरातील पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. विभाजित हो, थांब, स्नायूची पेशी बन, मरू नकोस, अशा स्वरूपाचे हे निरोप बहुधा लहान प्रथिनांच्या रूपाने जातात. अशा निरोप्या प्रथिनांच्या मोठ्या गटाला वृद्धिघटक म्हणतात. नाव थोडे फसवे आहे, कारण या गटातील काही प्रथिने वाढ घडवतात तर काही वाढ रोखतात. मायोस्टॅटिन हे त्यांतलेच एक. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९७ मध्ये ते सापडले. त्याचे काम स्नायूंना 'आता पुरे' असे सांगण्याचे आहे, आणि ज्यांच्यात ते निकामी झालेले असते ते बेल्जियन ब्लू जातीचे बैल पाहिले तर या आज्ञेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही : खांद्यापासून मांड्यांपर्यंत सगळीकडे स्नायूंचे डोंगर उठलेले असतात.

जीडीएफ-११ हा याच मायोस्टॅटिनचा सख्खा भाऊ. गर्भावस्थेत पाठीच्या कण्यात कोणता मणका कुठे बसायचा हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. त्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची पिल्ले जास्तीच्या बरगड्या घेऊन जन्मतात आणि लवकरच दगावतात.

वृद्धिघटक मोजणे अवघड का, हे एका हिशेबाने कळेल. एक मिलिलिटर रक्तद्रवात सर्व प्रकारची मिळून ६० ते ८० मिलिग्रॅम प्रथिने असतात. वृद्धिघटकांची मात्रा मात्र पुष्कळदा एखाद्या नॅनोग्रॅमच्या आसपास असते, आणि एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात. म्हणजे सहा-आठ कोटी भागांतील एक भाग शोधायचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती; त्या हिशेबाने हे काम सगळ्या राज्यातून एक-दोन माणसे हुडकून काढण्यासारखे आहे. त्यासाठी त्या माणसाला बरोबर ओळखणारा कोणीतरी लागतो.

प्रतिपिंड : उसना घेतलेला शोधक

असा ओळखणारा शरीरातच तयार होतो. जंतू किंवा कोणताही परका पदार्थ आत शिरला की त्याला चिकटणारी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची प्रथिने शरीर बनवते. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. करोनाच्या काळात 'अँटिबॉडी' या नावाने ती घराघरांत पोहोचली. प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या पदार्थाचा सबंध आकार ते पाहत नाही. त्याच्या पृष्ठभागावरील अगदी छोटा तुकडा, प्रथिनाच्या बाबतीत फार तर काही अमिनो आम्लांचा (प्रथिनाची माळ ज्या मण्यांची बनते त्यांचा) एक ठिपका, एवढीच त्याची ओळखखूण असते. लेखातील पुढचे सगळे या एका वाक्यावर उभे आहे.

एखाद्या गावात पोस्टमनला फक्त आडनाव लिहिलेले पत्र मिळाले, तर गावात त्या आडनावाचे एकच घर असेल तोपर्यंत काही अडत नाही. अर्धे गाव पाटलांचे असेल आणि पाकिटावर नुसते 'पाटील' असेल, तर पत्र कुठेतरी पोहोचेल खरे, पण ज्याचे त्याला मिळाले याची खात्री कोण देणार? प्रतिपिंडाची ओळखखूण हे असे पाकिटावरचे आडनाव आहे.

संशोधनासाठी लागणारी प्रतिपिंडे मिळवण्याची जुनी रीत मुंबईकरांना परिचयाची आहे. परळच्या हाफकिन संस्थेच्या कामामुळे, घोड्यांना सापाच्या विषाचे अल्प डोस टोचून त्यांच्या रक्तातून विषावरचा उतारा काढतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तसेच सशाला किंवा बकरीला एखादे मानवी प्रथिन टोचले की तिच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण तयार होते. वृद्धिघटकांच्या इतिहासातच याचे सुंदर उदाहरण आहे. रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी सेंट लुइस येथे मज्जापेशी वाढवणारा पहिला वृद्धिघटक शोधला. त्याविरुद्धची सशाची प्रतिपिंडे नवजात उंदरांना दिली, तेव्हा त्यांच्या मज्जासंस्थेचा एक ठरावीक भाग जवळजवळ नाहीसा झाला. निरोप्याला अडवल्यावर निरोपाचे महत्त्व दिसले. या दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

मिश्रणाची अडचण अशी की प्रत्येक जनावर वेगळे मिश्रण देते आणि जनावर गेले की मिश्रणही संपते. १९७५ मध्ये केंब्रिज येथे गेओर्ग कोलर आणि सेझार मिलश्टाइन यांनी, प्रतिपिंड बनवणारी एकच पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून तिच्यापासून एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी मिळवण्याची युक्ती काढली. त्यांनाही १९८४ चे नोबेल मिळाले. तेव्हापासून प्रतिपिंड ही बाटलीत विकत मिळणारी वस्तू झाली. पण साचा एकच असला म्हणजे ओळख अचूक असते असे मात्र नाही. आडनाव एकच वाचणारा पोस्टमन रोज त्याच चुकीच्या घरी तितक्याच निष्ठेने जाऊ शकतो.

काळा पट्टा दिसतो म्हणजे नेमके काय दिसते?

प्रतिपिंड चिकटले हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला रंग किंवा प्रकाश देणारी जोड लावतात. प्रयोगशाळेत याच्या दोन पद्धती सर्वाधिक वापरल्या जातात. पहिली वेस्टर्न ब्लॉट. हिच्यात नमुन्यातील प्रथिने साबणासारख्या द्रावणात उकळून त्यांच्या घड्या मोडतात आणि विजेच्या दाबाने ती एका जाळीदार थरातून ओढतात. जत्रेच्या गर्दीतून लहान मुले चटकन पुढे सटकतात आणि थोराड माणसे मागे राहतात, तशी प्रथिने आकारमानाप्रमाणे वेगळी होतात. मग ती एका पातळ पडद्यावर उतरवून त्यावर प्रतिपिंड सोडतात. ते जिथे चिकटेल तिथे काळा पट्टा उमटतो आणि पट्ट्याच्या जागेवरून प्रथिनाचे वजन किलोडाल्टन या एककात अजमावता येते.

दुसरी पद्धत एलायझा. स्वीडनमध्ये एव्हा एंगव्हाल आणि पेटर पर्लमन यांनी १९७१ मध्ये ती मांडली. हिच्या आज रूढ असलेल्या एका प्रकारात, प्लॅस्टिकच्या बशीतील ९६ छोट्या खळग्यांच्या तळाशी एक प्रतिपिंड चिकटवलेले असते, ते रक्तातले प्रथिन पकडून ठेवते, दुसरे प्रतिपिंड वरून येऊन बसते आणि रंग किती गडद आला यावरून मात्रा कळते. इथे प्रथिने उकळत नाहीत, ती आपल्या मूळ घडीत असतात.

हा फरक किरकोळ वाटतो पण तो फार मोठा आहे. पैठणीची घडी घातली की काठ आणि पदर शेजारी येतात आणि एक नवीच नक्षी दिसते. साडी उलगडली की ती नक्षी नाहीशी होते, आणि घडीत लपलेली बुट्टी आता दिसू लागते. एखादे प्रतिपिंड घडीतली नक्षी ओळखते, एखादे उलगडलेली. म्हणून एका पद्धतीत उत्तम चालणारे प्रतिपिंड दुसरीत पूर्ण आंधळे ठरू शकते. 'हे प्रतिपिंड चांगले आहे का' या प्रश्नाला, 'कुठल्या कामासाठी' हे विचारल्याशिवाय उत्तर नसते.

जीडीएफ-११ ची कहाणी

हार्वर्ड विद्यापीठातील एमी वेजर्स आणि रिचर्ड ली यांच्या गटाने म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांची रक्ताभिसरणे शस्त्रक्रियेने जोडली. चार आठवड्यांनी म्हाताऱ्या उंदरांची वयामुळे जाड झालेली हृदये सडपातळ झाली. तरुण रक्तातला कोणता पदार्थ हे करतो, याचा शोध घेताना त्यांना जीडीएफ-११ वयाबरोबर कमी होताना दिसले. ते टोचल्यावरही हृदय सुधारले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये स्नायू आणि मेंदू यांच्यावरही त्याचा असाच अनुकूल परिणाम होतो असे दोन शोधनिबंध आले आणि जगभरच्या वृत्तपत्रांना मथळा मिळाला.

मे २०१५ मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतील डेव्हिड ग्लास यांच्या गटाने एक अवघड प्रश्न विचारला. मायोस्टॅटिन आणि जीडीएफ-११ या दोघांची रक्तात काम करणारी अंतिम रूपे १०९ अमिनो आम्लांची असतात आणि त्यांपैकी केवळ ११ जागी ती वेगळी असतात. १०९ मण्यांच्या दोन माळा आणि फरक ११ मण्यांचा. मग आधीच्या प्रयोगांतील ओळखसाधने या दोन भावांत फरक करत होती का? त्यांनी तपासून पाहिले तर ती करत नव्हती. वापरलेले प्रतिपिंड मायोस्टॅटिनलाही चिकटत होते, आणि डीएनएसारख्या रेणूंपासून बनवलेले ज्या जातीचे दुसरे साधन सुरुवातीला वापरले होते तेही. या गटाने आपल्या मते अधिक चोखंदळ असलेले साधन वापरले, तेव्हा जीडीएफ-११ वयाबरोबर घटण्याऐवजी वाढण्याकडे झुकलेले दिसले. भरीला, ते टोचल्याने स्नायूंची दुरुस्ती सुधारण्याऐवजी मंदावली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील स्टीव्हन हाउझर यांच्या गटालाही म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयावर जीडीएफ-११ चा लाभ दिसला नाही.

थोडीशी गल्लत एवढा घोटाळा कशी करते?

यावर पहिली शंका अशी येते की, प्रतिपिंड मायोस्टॅटिनला थोडेसे चिकटत असेल, पण मुख्यत्वे ते जीडीएफ-११ च पकडत असणार. मग निष्कर्ष उलटा कसा होईल? याचे उत्तर आकडेमोडीत आहे, आणि ती करून पाहण्यासारखी आहे. रक्तात मायोस्टॅटिन जीडीएफ-११ पेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. सोयीसाठी समजा की जीडीएफ-११ एक भाग आहे, मायोस्टॅटिन दहा भाग आहे, आणि आपले प्रतिपिंड जीडीएफ-११ ला पूर्ण चिकटते पण मायोस्टॅटिनला केवळ एक दशांश जोराने. यंत्रावर दिसणारा आकडा होईल एक अधिक एक, म्हणजे दोन. आता वय वाढले, जीडीएफ-११ तेवढेच राहिले आणि मायोस्टॅटिन निम्मे झाले, तर आकडा होईल एक अधिक अर्धा, म्हणजे दीड. संशोधक प्रामाणिकपणे लिहील की जीडीएफ-११ २५ टक्क्यांनी घटले, आणि प्रत्यक्षात ते तसूभरही हललेले नसेल.

यातली खरी मेख अशी की या प्रतिपिंडाची नेहमीची परीक्षा घेतली तर ते पास होते. परीक्षानळीत शुद्ध जीडीएफ-११ टाका, ते चिकटते. आणखी टाका, पट्टा गडद होतो. भावाला समोर उभे करून 'हा कोण?' असे विचारल्याशिवाय गल्लत उघडकीला येत नाही. पोलिसांच्या ओळखपरेडीत आरोपीसारखी दिसणारी इतर माणसेही रांगेत उभी करतात ती याचसाठी.

प्रतिपिंडाला सापडले प्रतिपिंड

गोष्ट इथे संपली असती तर ती सरळ झाली असती. पण २०१५ च्याच शरद ऋतूत हार्वर्डच्या गटाने उलट दाखवले की, नोव्हार्टिसच्या गटाने वेस्टर्न ब्लॉटमध्ये जो वाढता पट्टा पाहिला तोही जीडीएफ-११ चा नव्हता. जीडीएफ-११ च्या दोन माळा एकत्र जोडलेल्या असतात तेव्हा त्यांचे वजन सुमारे २५ किलोडाल्टन भरते. रक्तातील प्रतिपिंडे स्वतः जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्यांची बनलेली असतात, आणि हलक्या साखळीचे वजनही साधारण २५ किलोडाल्टनच असते. रक्तात प्रतिपिंडे मिलिलिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे एक कोटी नॅनोग्रॅम असतात, आणि उंदरांत वयानुसार ती वाढतात. पडद्यावर नेमक्या त्याच उंचीवर त्यांचा पट्टा येतो. तात्पर्य, वृद्धिघटक शोधायला पाठवलेल्या प्रतिपिंडाने रक्तातली प्रतिपिंडेच शोधून आणली होती. असा विनोद प्रयोगशाळेच्या बाहेर फारसा कळत नाही, पण आत तो बराच काळ पुरतो.

मला या वादातली सर्वांत शिकवणारी गोष्ट ही वाटते : दोन्ही बाजू नामांकित, दोघांचे पट्टे स्पष्ट, दोघांची आकडेवारी नीट, आणि चूक मात्र आकडेवारीच्या आधीच्या पायरीवर, 'हा पट्टा कुणाचा' या प्रश्नात.

मग वजनकाट्यावर

आडनावावरून भांडण मिटत नसेल तर ओळखीच्या दुसऱ्या मार्गाने जावे लागते. वस्तुमान वर्णपटमापी हे यंत्र रेणूंचे वजन अतिशय अचूक मोजते. प्रथिनाची माळ एका विकराने ठरावीक जागी तोडतात आणि प्रत्येक तुकडा तोलतात. ज्या तुकड्यात त्या ११ वेगळ्या मण्यांपैकी एखादा आलेला असेल त्याचे वजन दोन्ही भावांत वेगळे भरते. २०१६ मध्ये मेयो क्लिनिकमधील नेथन लब्रासर यांच्या गटाने माणसांच्या रक्तात या पद्धतीने दोन्ही प्रथिने वेगवेगळी मोजली. तरुण पुरुषांत मायोस्टॅटिन अधिक होते आणि ते वयाबरोबर घटत गेले. जीडीएफ-११ वयाबरोबर घटले नाही. उलट हृदयाची महाधमनीची झडप अतिशय अरुंद झालेल्या रुग्णांत, ज्यांचे जीडीएफ-११ जास्त त्यांची प्रकृती अधिक दुबळी आणि इतर व्याधी अधिक, असे आढळले. तारुण्याचा म्हणून मिरवलेला पदार्थ निदान या रुग्णांत तरी दौर्बल्याच्या सोबतीला होता.

असे यंत्र असताना प्रतिपिंडे वापरायचीच कशाला, असे कोणी विचारेल. यंत्र महाग आहे, नमुना तयार करण्याची खटपट मोठी आहे आणि नॅनोग्रॅमच्या पातळीवरचे प्रथिन इतर कोट्यवधी भागांच्या गर्दीत त्यालाही सहज दिसत नाही. शिवाय ऊतीच्या कापात कोणत्या पेशीत प्रथिन आहे, हे प्रतिपिंड जागेवर दाखवते. माळ तोडून तोलणाऱ्याला घराचा पत्ता राहत नाही.

मग आपल्या दवाखान्यातल्या तपासण्याही अशाच का?

ही शंका रास्त आहे, कारण थायरॉइडची तपासणी, गर्भधारणेची घरगुती चाचणी, करोनाची झटपट अँटिजेन चाचणी, ही सगळी प्रतिपिंडांचीच कामे आहेत. फरक असा की संशोधनासाठीच्या बाटलीवर 'केवळ संशोधनासाठी' असे छापलेले असते आणि ती कितपत खरी आहे हे सिद्ध करण्याचा भार बहुतांशी वापरणाऱ्यावर असतो. रुग्णांसाठीच्या चाचणीला मात्र मान्यता मिळण्याआधी, तिच्यासारख्या दिसणाऱ्या पदार्थांनी ती फसते का, याची तपासणी द्यावी लागते.

आणि ही शिस्तही आयती आलेली नाही. गर्भधारणेची खूण असलेले एचसीजी हे संप्रेरक दोन साखळ्यांचे असते, त्यांपैकी अल्फा साखळी पाळीच्या चक्रातील एलएच, एफएसएच आणि थायरॉइडला चेतवणारे टीएसएच या तिघांतही तीच असते. त्यामुळे जुन्या चाचण्यांना एचसीजी आणि एलएच यांच्यात भेद करणे कठीण जाई, आणि एलएच तर गर्भ नसतानाही रक्तात असतेच. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जुडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी, केवळ एचसीजीच्या वेगळ्या असलेल्या बीटा साखळीविरुद्धची प्रतिपिंडे वापरून हा पेच सोडवला. आज औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीवरच्या दोन रेघा त्या सोडवणुकीच्या वारस आहेत. पाकिटावर आडनावाऐवजी घर क्रमांक लिहिला, एवढेच म्हणता येईल.

तरीही सावधगिरी संपत नाही. केसांसाठी आणि नखांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही तपासण्या खोटे आकडे देतात, कारण त्या तपासण्यांच्या बांधणीत बायोटिनचाच चिकटवण्यासाठी उपयोग केलेला असतो. एफडीएने २०१७ मध्ये याबाबत सूचना काढली होती. रक्त देण्यापूर्वी अशा गोळ्या चालू असल्याचे प्रयोगशाळेत सांगावे, हे उत्तम.

दोष कंपन्यांचा की संशोधकांचा?

वाचकाच्या मनात आता बाटल्या विकणाऱ्यांविषयी राग येणे स्वाभाविक आहे. पण चित्र तेवढे काळेपांढरे नाही. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाशी जोडलेल्या वायकॅरोस या उपक्रमाने ६५ मानवी प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे एकाच रीतीने तपासली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. परीक्षा साधी पण निर्दय होती : ज्या पेशींतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, त्या पेशी शेजारी ठेवायच्या. घरात माणूस नाही हे आपल्याला ठाऊक असताना पोस्टमन दारात 'पत्र घ्या' म्हणत उभा राहिला, तर तो चुकीच्या घराशी आहे. निम्म्याहून अधिक प्रथिनांसाठी निदान एक तरी उत्तम प्रतिपिंड बाजारात मिळते, असे आढळले. पण जे प्रतिपिंड आपले प्रथिन ओळखतच नाही ते वापरून केलेले शोधनिबंधही सरासरीने दर प्रथिनामागे सुमारे डझनभर निघाले. प्रतिपिंडे विकणाऱ्या कंपन्या या उपक्रमात स्वतः सहभागी होत्या. अपेक्षेला न उतरलेल्या प्रतिपिंडांपैकी सुमारे २० टक्के त्यांनी विक्रीतून काढून टाकली आणि सुमारे ४० टक्क्यांची शिफारस कोणत्या कामासाठी आहे ते बदलले.

संशोधकांच्या बाजूने पाहिले तर, बहुतेक जण प्रतिपिंड निवडताना आधीच्या शोधनिबंधात कोणते वापरले होते ते पाहतात. लग्नाच्या कार्यालयासारखेच हे. शेजाऱ्यांनी घेतले होते म्हणून आपण घेतो. त्यामुळे एक वाईट प्रतिपिंड जितके जास्त वापरले जाते तितके ते विश्वासार्ह वाटू लागते. आपल्या नमुन्यावर, आपल्या पद्धतीत, जनुक काढलेल्या पेशी आणि जवळचे नातलग प्रथिन शेजारी ठेवून पुन्हा तपासणे, हे काम कंटाळवाणे आणि खर्चाचे असते. त्या कामासाठी स्वतंत्र अनुदान मिळत नाही आणि त्यावरून मथळाही होत नाही. माझ्या मते दोषाचा मोठा वाटा इथे आहे.

या गल्लतीने रुग्णांचे काही बिघडले का?

अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये लस्पाटरसेप्ट या औषधाला बीटा थॅलेसेमियाच्या (लाल रक्तपेशी नीट तयार न होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या), वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली. हे औषध म्हणजे वृद्धिघटकांसाठीचा सापळा : पेशीवर ज्या खुंटीला हे निरोपे अडकतात त्या खुंटीची सुटी प्रतिकृती रक्तात सोडली की निरोपे तिलाच अडकून बसतात आणि लाल पेशींची परिपक्वता मोकळी होते. सुरुवातीला, २०१४ च्या सुमारास, या सापळ्याचे मुख्य सावज जीडीएफ-११ च आहे असे मानले गेले, कारण थॅलेसेमियात ते वाढलेले आढळल्याचे प्रसिद्ध झाले होते. पुढे २०१९ मध्ये थॅलेसेमिया असलेल्या उंदरांतून जीडीएफ-११ चे जनुकच काढून टाकून पाहिले. त्यामुळे उंदरांचा रक्तक्षय सुधारला नाही. आणि अशाच उंदरांना औषधाची उंदरांसाठीची आवृत्ती दिली, तेव्हा ते नेहमीप्रमाणे लागू पडले. पकडायचा म्हणून ज्याचे नाव लिहिले होते तो निरोप्या घरात नव्हताच, तरी सापळ्याचे काम झाले, कारण बहुधा त्याच खुंटीला अडकणारे त्याचे इतर नातलग सापळ्यात येत होते. म्हणजे ओळख चुकली, तरी निदान या औषधाच्या बाबतीत त्याने काम अडले नाही.